गहू सोडला की मन बरे होते का?

महिला मंडळाची बैठक संपल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "सिस्टर, गहू बंद केला की टेन्शनच्या गोळ्या सुटतात म्हणे. पंधरा दिवस झाले, मी चपाती सोडली आणि गोळ्याही." त्यांना रात्र रात्र झोप नव्हती, जीव घाबरत होता. हा त्रास चपाती सोडल्याचा नव्हता, गोळ्या एकदम बंद केल्याचा होता. असे आणखी कोणाचे होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतले प्रथिन आहे. कणीक मळल्यावर ती ताणली जाते ती त्याच्यामुळेच. रवा, मैदा, शेवया, पाव आणि बहुतेक बिस्किटे यांत ते असते. खपली गव्हातही असते.

काही जणांना सिलिॲक नावाचा आजार असतो. त्यांच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. मग लोह, फोलेट यांसारखी पोषक द्रव्ये अंगी लागत नाहीत. जुलाब, पोट फुगणे, वजन घटणे, गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, थकवा ही त्याची लक्षणे. अशा रुग्णांत उदासी आणि चिंता जास्त आढळते. त्यांनी ग्लुटेन कायमचे सोडले की आतडे भरून येते, पुष्कळांचे मनही हलके होते. गहू आणि मन यांचा खरा संबंध आहे तो इथे.

पण ज्यांना हा आजार नाही, त्यांचे नैराश्य गहू सोडल्याने बरे होते असा भक्कम पुरावा नाही. गव्हाने पोट बिघडते असे काहींना जाणवते, त्यांनी डॉक्टरांशी बोलावे. मात्र आहारातला बदल हा औषधाला पर्याय नाही.

वरची लक्षणे असतील तर आधी तपासणी करा, मग गहू सोडा. टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी असते. गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. गहू आधीच बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणून तपासणी होईपर्यंत चपाती चालू ठेवा.

आजार निघालाच तर घाबरू नका. 'ग्लुटेन-फ्री' छापलेली महागडी पाकिटे लागत नाहीत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सगळ्या डाळी, अंडी, मासे, मटण यांत ग्लुटेन नसते. आपल्या आजीची भाकरी मुळातच ग्लुटेनमुक्त आहे. दोन गोष्टी सांभाळा. गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळली तर पिठात गहू मिसळतो, म्हणून जमल्यास घरी दळा. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, तेव्हा डबीवरचे घटक वाचा.

आजार नसेल तर रेशनचा गहू टाकून देऊन महागडे पीठ आणण्यात काही अर्थ नाही. त्या पैशांत डाळ, अंडी, पालेभाजी आणा. सतत उदास वाटत असेल तर डॉक्टरांना हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासायचे का, हेही विचारा.

त्या ताईंना मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सिलिॲकची तपासणी झाली, तो आजार निघाला नाही. हिमोग्लोबिन मात्र ८ होते. आता त्यांना झोप लागते, आणि ताटात चपातीही आहे.

मनाच्या गोळ्या कमी करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू कमी करा. दवाखाना लांब असेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. मनाचा आजार हा आजारच आहे. त्यासाठी गोळी घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.