जुन्या रेल्वे इंजिनांची पुनर्बांधणी

रेल्वेचे इंजिन जुने झाले की ते मोडीत काढण्यावाचून गत्यंतर नसते, असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इंजिनाचे सर्व भाग सारख्याच वेगाने झिजत नाहीत. पिस्टन, बेअरिंग, विजेच्या तारा हे भाग लवकर निकामी होतात. परंतु ज्या पोलादी चौकटीवर सारा भार असतो, ती निर्दोष असल्यास पुष्कळ अधिक काळ टिकते. पुनर्बांधणीचे शास्त्र याच अनुभवावर आधारलेले आहे.

भारतीय रेल्वेच्या 'डब्ल्यूडीएम-२' या डिझेल इंजिनांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतील आल्को कंपनीकडून ही इंजिने प्रथम आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे त्यांची संख्या अडीच हजारांवर गेली. १६ सिलिंडरांच्या या इंजिनाची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. अशा इंजिनांचे सुटे भाग तयार करणे व त्यांची पुनर्बांधणी करणे यासाठी १९८१ मध्ये पतियाळा येथे कारखान्याची स्थापना करण्यात आली.

साधारणतः १८ वर्षे सेवा झालेले इंजिन पुनर्बांधणीसाठी घेतले जाई. प्रथम ते संपूर्णपणे सुटे करून चौकट, आस व क्रँकशाफ्ट यांची बारकाईने तपासणी होई. डोळ्यांना न दिसणारी भेगही या वेळी शोधावी लागते. कारण दोष दडवून केलेली डागडुजी प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते.

डिझेल इंजिन चाके थेट फिरवीत नाही. ते जनित्र फिरविते आणि त्यातून निघालेल्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. म्हणून पुनर्बांधणीत या संपूर्ण साखळीचाच विचार करण्यात आला. सुधारित टर्बोचार्जर बसवून शक्ती ३,१०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. जुन्या जनित्राच्या जागी अल्टरनेटर आला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची सोय झाली. अशा रीतीने आणखी १८ वर्षांची सेवा मिळविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

तथापि, यंत्र सुदृढ असणे एवढेच पुरेसे नाही. त्याला कामही असावे लागते. ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण आता जवळजवळ पूर्ण झाल्याने डिझेल इंजिनांची गरज बरीच घटली आहे. २०१८ मध्ये वाराणसीच्या कारखान्याने दोन डिझेल इंजिनांचे रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचे विजेवरील जोडइंजिन सिद्ध केले. मात्र ही पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही. पतियाळाचा कारखानाही आता विजेची नवी इंजिने बनवितो.

जुने केवळ जुने म्हणून टाकू नये, हे खरे. परंतु केवळ खर्च वाचतो म्हणून राखूही नये. चौकट निर्दोष आहे काय आणि पुढे तिला काम आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पुनर्बांधणीवर सार्वजनिक पैसा खर्च करणे योग्य ठरते.