खोक्यातला प्रोजेक्टर: घरी बनवायचा तर आधी उजेडाचा हिशोब समजून घ्या

मुंबई उपनगर: घाटकोपर, मुलुंडच्या चाळींमध्ये गणपतीच्या दिवसांत गल्लीत आडवा पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायची पद्धत होती. भाड्याने आणलेलं १६ एमएमचं मशीन खडखडत चालायचं. पुढच्या बाजूला जागा नसली की लोक पडद्याच्या मागं जाऊन बसायचे आणि उलट्या अक्षरांचा सिनेमा बघायचे. गावाकडं जत्रेतही हेच चित्र होतं. आता ती मशीनं गेली. अंधेरी-बोरिवलीची पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून बुटाच्या खोक्याचा प्रोजेक्टर बनवायला बसतात आणि मे महिन्यात गावी आली की तिथल्या भावंडांनाही तो नाद लावतात.

व्हिडिओत दाखवतात ते सोपं असतं. एक खोका, एक भिंग, एक मोबाईल आणि भिंतीवर थेट थिएटरसारखं चित्र. प्रत्यक्षात चित्र येतं, पण अंधुक आणि उलटं. मग कुणी हिरमुसून खोका फेकून देतं. कुणी पुढचा व्हिडिओ बघून शंभर वॉटची एलईडी आणि २३० व्होल्टची वायर घेऊन बसतं. पहिल्यात शे-दोनशे रुपये जातात, दुसऱ्यात जिवाशी खेळ होतो. म्हणून हात घालण्याआधी हे यंत्र चालतं कसं, ते नीट समजून घेतलेलं बरं.

प्रोजेक्टर म्हणजे फक्त तीन गोष्टी

उजेड, चित्र आणि भिंग. उजेड चित्रातून किंवा चित्रावरून येतो, भिंग तो गोळा करून भिंतीवर मोठा करून टाकतं. मल्टिप्लेक्सचं मशीन असो की पोराचा खोका, तत्त्व हेच. फरक पडतो तो उजेड किती आणि त्यातला वाया किती जातो, यात.

आपल्या भागाला हा नाद नवीन नाही. मुंबईत ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. त्याच्या आधीच, १८९२ च्या सुमारास, मुलुंडहून पुढं लोकलनं जाता येतं त्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांची मुलं 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ करत होती. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं भिंग. काचा भराभर बदलून चित्र हलल्याचा भास करायचा आणि सोबत रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगायच्या.

दादासाहेब फाळक्यांची सुरुवातही अशीच. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहून ते झपाटले. मग खेळण्यातलं सिनेमाचं यंत्र, मेणबत्ती आणि भिंग घेऊन ते घरच्या भिंतीवर चित्रं पाडत बसायचे. डोळ्यांना इतका ताण दिला की काही काळ त्यांची दृष्टी गेली होती. उपचारानंतर ती परत आली. पुढं १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. गोरेगावच्या चित्रनगरीला आज त्यांचंच नाव आहे. म्हणजे भिंतीवरचं अंधुक चित्र हा पोरखेळ नाही, ती शिकण्याची पहिली पायरी आहे. मात्र ती पायरीच आहे, माडी नाही.

पहिला खोका असा करा

लागतं काय? बुटाचा मजबूत खोका, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं साधारण साडेसात सेंटीमीटर व्यासाचं भिंग, काळा कागद, चिकटपट्टी आणि मोबाईल.

१. आधी भिंगाचं अंतर मोजा. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि मागं-पुढं करा. बाहेरच्या झाडाचं किंवा समोरच्या इमारतीचं स्पष्ट उलटं चित्र भिंतीवर पडेल. त्या वेळी भिंग आणि भिंत यात जितकं अंतर, ते त्या भिंगाचं नाभीय अंतर. अशा भिंगांचं ते बऱ्याचदा १५ ते २५ सेंटीमीटर भरतं.

२. खोका त्या अंतरापेक्षा निदान पाच-सहा सेंटीमीटर लांब हवा. भिंगाचं अंतर २५ सेंटीमीटर आणि खोका २८ चा असेल, तर मोबाईल मागं सरकवायला जागाच उरत नाही. बरेच खोके इथंच फसतात.

३. खोक्याच्या एका टोकाला भिंगाएवढं गोल भोक पाडून भिंग पक्कं बसवा. आतून सगळीकडं काळा कागद लावा. आत इकडंतिकडं उडणारा उजेड चित्र आणखी फिकं करतो.

४. मोबाईल उभा राहील असा पुठ्ठ्याचा स्टँड करा. तो आत पुढं-मागं सरकला पाहिजे. स्क्रीनचा मध्य आणि भिंगाचा मध्य एका उंचीवर ठेवा.

५. मोबाईलचा ब्राइटनेस पूर्ण करा, स्क्रीन आपोआप फिरणं बंद करा. आवाज खोक्यात कोंडतो, म्हणून ब्लूटूथ स्पीकर जोडा.

६. खोली अंधारी करा. पांढरी, गुळगुळीत भिंत चादरीपेक्षा चांगली. मोबाईल हळूहळू सरकवत चित्र स्पष्ट होईल तिथं थांबा.

मधलं चित्र स्पष्ट आणि कडा पुसट दिसतील. एकाच भिंगानं तसं होणारच. भिंगाच्या कडेवर काळ्या पुठ्ठ्याची कडी लावली तर चित्र सुधारतं, पण उजेड कमी होतो.

अक्षरं उलटी का दिसतात?

भिंग चित्राला वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडं करतं. त्यामुळे मोबाईल उलटा ठेवायचा, हे सगळे सांगतात. पण तसं केल्यावर माणसं सरळ होतात आणि अक्षरं मात्र आरशातल्यासारखी उलटी राहतात. कारण मोबाईलचं तोंड भिंतीकडं असतं आणि आपण त्याच्या पाठीमागं बसलेलो असतो. गाणं बघायला याची अडचण नाही, पण पोरांना शाळेचा धडा दाखवायचा तर पाटी वाचता येणार नाही.

उपाय दोन. व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये व्हिडिओ आडवा पलटी करून घ्यायचा. नाहीतर भिंतीऐवजी पातळ पांढरं कापड ताणून बांधायचं आणि मागच्या बाजूनं बघायचं. चाळीत पडद्यामागं बसणाऱ्यांना अक्षरं उलटी दिसायची, इथं मागं बसणाऱ्यांना ती सुलटी दिसतील.

चित्र अंधुक का? खरी गोम इथं आहे

उजेड ल्युमेन या मापात मोजतात. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन उजेड देतो. मोबाईलची अख्खी स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर पांढरी ठेवली तरी अंदाजे १५ ते २० ल्युमेनच देते. तोही उजेड चहूकडं पसरतो. अठरा-वीस सेंटीमीटरवर ठेवलेल्या भिंगात त्यातला विसावा भागही जेमतेम शिरतो. म्हणजे भिंतीपर्यंत पोचतो तो एक ल्युमेनपेक्षा कमी उजेड.

आता तो पसरतो कसा ते बघा. समजा भिंगाचं नाभीय अंतर १६ सेंटीमीटर आहे आणि मोबाईलची स्क्रीन १५ सेंटीमीटर लांब आहे.

• भिंत १ मीटरवर: चित्र साधारण ७९ सेंटीमीटर रुंद. स्क्रीनच्या क्षेत्रफळाच्या जवळपास २८ पट.
• भिंत २ मीटरवर: चित्र साधारण १७२ सेंटीमीटर रुंद. क्षेत्रफळ जवळपास १३२ पट.

उजेड तेवढाच, पण पसरायचा शेताच्या एका वाफ्याऐवजी अख्ख्या वावरात. पाटाचं पाणी जसं लांबवर गेलं की पातळ होतं, तसंच. त्यामुळे एक मीटरवर, मिट्ट काळोखात चित्र बरं दिसतं. दोन मीटरवर डोळे ताणावे लागतात. ट्यूबलाइट लावली तर चित्र गायब. व्हिडिओत जे झळझळीत दिसतं, ते बऱ्याच वेळा कॅमेऱ्याची किंवा एडिटिंगची करामत असते. भिंग आणखी मोठं घेऊन थोडा फरक पडेल, पण थिएटर होणार नाही.

पुढची पायरी: एलसीडी आणि जोरदार उजेड

ज्यांना खरंच शिकायचं आहे, ते जुन्या टॅबलेटची किंवा छोट्या मॉनिटरची एलसीडी काच काढतात. तिच्या मागचा दिवा काढून टाकला की ती पारदर्शक होते, म्हणजे कल्याणच्या रंगवलेल्या काचेसारखीच, फक्त हलत्या चित्राची. काच पलटी करून बसवता येत असल्यानं उलट्या अक्षरांचा प्रश्नही मिटतो. मागं ५० किंवा १०० वॉटची एलईडी चिप, तिला ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि पंखा. काचेच्या दोन्ही बाजूंना फ्रेनेल भिंगं, म्हणजे बारीक गोल रेघा असलेली चपटी प्लॅस्टिकची भिंगं. एक उजेड सरळ करतं, दुसरं तो पुढच्या मुख्य भिंगात जमवतं.

पण इथंही हिशोब आहेच. रंगीत एलसीडी काच मागून आलेल्या उजेडातला साधारण ५ ते ८ टक्केच पुढं सोडते, बाकीचा अडवते. तो अडवलेला उजेड उष्णता बनतो. पंखा कमी पडला की काच तापून चित्रावर काळा डाग पसरतो. १०० वॉटची चिप कागदावर आठ-नऊ हजार ल्युमेन देत असली, तरी घरगुती बनावटीत भिंतीवर शे-दोनशे ल्युमेन आले तरी भरून पावलं म्हणायचं.

सुटे भाग घ्यायला उपनगरातले लोक ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला जातात. बोरिवली-अंधेरीहून स्लो लोकलनं थेट, घाटकोपर-मुलुंडहून दादरला गाडी बदलून. जाण्याआधी काचेचा मॉडेल नंबर लिहून न्या, कारण तिला लागणारा कंट्रोलर बोर्ड त्या नंबरावर ठरतो. बोर्ड जुळला नाही तर काच भंगारात.

इथं जिवाचा धोका आहे

• चिपला ३०-३५ व्होल्ट लागत असले, तरी तिच्या ड्रायव्हरमध्ये २३० व्होल्ट येतात. उघडी जोडणी, पिळलेल्या वायरी, पुठ्ठ्याचा खोका हे चालणार नाही. धातूची पेटी, अर्थिंग आणि वीजगळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्या.
• जुना मॉनिटर प्लग काढल्यावरही सुरक्षित नसतो. आतले मोठे कपॅसिटर वीज धरून ठेवतात. मुलांना तो उघडू देऊ नका.
• जोरदार एलईडीकडं किंवा चालू प्रोजेक्टरच्या भिंगात थेट बघू नका. लहान मुलं हमखास वाकून बघतात.
• भिंग लावलेला खोका उन्हात, खिडकीत किंवा ओसरीवर ठेवू नका. भिंगानं एकवटलेलं ऊन पुठ्ठा पेटवू शकतं, आत मोबाईल असेल तर स्क्रीन जळते. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत किंवा कडब्याच्या गंजीशेजारी अशी ठिणगी काय करेल, ते सांगायला नको.

विकत घ्यायचा असेल तर

मंडळाला किंवा शाळेला रोज वापरायला प्रोजेक्टर हवा असेल, तर घरी बनवण्यापेक्षा तयार घेणं बहुतेक वेळा स्वस्त आणि सुरक्षित पडतं. मात्र डब्यावरच्या हजारो ल्युमेनच्या आकड्याला भुलू नका. दुकानदाराला 'एएनएसआय ल्युमेन किती' एवढंच विचारा. ते ठरलेल्या पद्धतीनं मोजलेलं माप आहे. उत्तर मिळालं नाही तर दुकानातली ट्यूब चालू ठेवून चित्र दाखवायला सांगा. 'फोर के चालतो' याचा अर्थ अनेकदा तो फोर के व्हिडिओ घेतो एवढाच असतो. चित्र खरं कितीचं, ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन' पुढं लिहिलेलं असतं.

आणि पोरांना शिकवायचंच असेल, तर एक याहून सोपा खेळ आहे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर मार्करनं चित्र काढा. मागं पातळ पांढरा कागद आणि त्याच्या मागं सेलची बॅटरी धरा. पुढं तेच भिंग. चित्र उलटं दिसलं तर तुकडा फिरवा, अक्षरं उलटी दिसली तर पलटी करा. यात २३० व्होल्ट नाहीत आणि फारसा खर्चही नाही. उजेड, चित्र आणि भिंग यांचं नातं पोराला एका संध्याकाळी कळतं. ते कळलं की पुढचा व्हिडिओ खरं सांगतोय की थापा मारतोय, हे ते पोरगंच तुम्हाला सांगेल.