स्क्रूची आई

एप्रिलमध्ये आजीनं माळ्यावरून शेवयांचं मशीन काढलं, बाकाला लावलं, पण हँडल फिरवलं की अख्खं मशीन डोलायला लागलं. बाकाला आवळायचा स्क्रू फिरत होता, फिरतच होता, आवळत मात्र नव्हता.

"आटे गेले," मी म्हणालो.

"कुठे गेले?" भाचीनं विचारलं. ती सहावीत आहे. कुठलंही वाक्य तिच्या तावडीतून सुटत नाही.

स्क्रूच्या अंगावर गोल गोल चढत जाणाऱ्या कडा असतात ना, ते आटे. या स्क्रूचे झिजून सपाट झाले होते. मशीनच्या अंगातले मात्र शाबूत होते. दुकानात असा स्क्रू सहज मिळाला असता. पण घरात लेथ असताना दुकानात जायचं म्हणजे आचाऱ्यानं खाणावळीतून डबा मागवण्यासारखं!

लेथ म्हणजे आडवं पाडलेलं कुंभाराचं चाक समजा. मातीच्या जागी लोखंडी सळई फिरते आणि बोटांच्या जागी पोलादी टूल असतं. माझा लेथ छोटासाच आहे, चाळीसेक किलोचा.

आता तुम्ही एक करा. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि त्याची उभी बाजू पेन्सिलीला धरून गुंडाळत जा. तिरकी कड पेन्सिलीभोवती फिरत फिरत चढते की नाही? घाटातला रस्ता डोंगराला वळसे घेत चढतो, तसा. आटा म्हणजे हाच गुंडाळलेला चढ. एका वळशात तो जेवढा पुढे सरकतो, त्याला पिच म्हणतात. पिच मोजायला एक गेज असतं. फणीसारखे दाते असलेल्या पातळ पात्यांचा तो जुडगाच. त्यातलं 1.5 लिहिलेलं पातं जुन्या स्क्रूच्या उरल्यासुरल्या आट्यांत बरोब्बर बसलं.

म्हणजे 10 मिलिमीटर जाडीची सळई एकदा फिरली की टूलनं 1.5 मिलिमीटर सरकायचं. ना कमी, ना जास्त, आणि प्रत्येक फेरीला तेवढंच. हातानं हे कुणाच्या बापाला जमायचं नाही. म्हणून लेथच्या पुढच्या अंगाला एक लांबलचक स्क्रू असतो, लीड स्क्रू. तो फिरला की टूल धरणारा गाडा पुढे सरकतो. माझ्या लेथवर त्याच्या एका फेरीत 2 मिलिमीटर.

"थांब मामा. स्क्रू करायला आधी स्क्रूच लागतो?"

"हो."

"मग पहिला स्क्रू कसा केला?"

"सांगतो. आधी हे गणित सोडव. आपल्याला दीड हवा, लीड स्क्रू दोन देतो. काय करायचं?"

तिनं फरशीवर खडूनं मांडलं. सळईच्या 4 फेऱ्या म्हणजे 6 मिलिमीटर. लीड स्क्रूच्या 3 फेऱ्या म्हणजेही 6. तर सळई चारदा फिरेल तेव्हा लीड स्क्रू तीनदाच फिरायला हवा. सळईकडे 30 दातांचा गिअर, लीड स्क्रूवर 40 दातांचा, झालं काम! दोघांच्या मध्ये आणखी एक गिअर बसतो. त्याचे दात कितीही असोत, तो फक्त निरोप पोचवतो. मात्र मध्ये असा आणखी एक निरोप्या घातला, तर लीड स्क्रू उलटा फिरतो आणि डावे आटे पडतात. तुमच्या सायकलच्या डाव्या पेडलचे आटे असेच उलटे असतात.

गिअरवरून आठवलं. लीड स्क्रू इंचाच्या मापाचा असेल आणि आटे मिलिमीटरचे पाडायचे असतील, तर 127 दातांचा गिअर लागतो. 127च का? एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, पाच इंच म्हणजे बरोबर 127. आणि 127 ही मूळ संख्या! छोट्या गिअरमध्ये तिची वाटणी होत नाही. गणिताच्या पुस्तकातली मूळ संख्या अशी तेलकट होऊन हाताला लागली की फार बरं वाटतं.

भाचीनं वेणी शर्टाच्या आत खोचली, दोघांनी गॉगल लावले. टूलचं टोक 60 अंशांचं, समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यासारखं. पहिल्या खेपेला त्यानं नुसता ओरखडा काढला. मशीन बंद करून तिनं पट्टी लावली. ओरखड्याचे दहा वळसे, 15 मिलिमीटर. छान! मग थेंब थेंब तेल सोडत दर खेपेला केसभर खोल जायचं. एकूण खोली 0.92 मिलिमीटर, पण एका दमात घ्यायला गेलं तर टूलच तुटेल.

पाचव्या खेपेला मी घोळ घातला.

गाडा लीड स्क्रूला पकडतो तो एका चिरलेल्या नटानं. दांडी दाबली की नटाची दोन अर्धी मिटतात, उचलली की उघडतात. आदल्या दिवशी मी 1 मिलिमीटर पिचचे आटे पाडले होते. तेव्हा नट कुठेही मिटला तरी चालतं, कारण गाडा दोन-दोन मिलिमीटरच्या टप्प्यांनी बसतो आणि 2 मध्ये 1 पूर्ण मावतो. दीडच्या बाबतीत तसं नाही. टूल बरोबर जुन्या खाचेत पडायची शक्यता तीनात एक. मी सवयीनं नट उघडला, गाडा मागे नेला, पुन्हा मिटला आणि टूल खाचेशेजारून अर्धा मिलिमीटर सरकून निघालं. चार खेपांची मेहनत दहा सेकंदांत खरवडून गेली.

नवी सळई लावली. आता नट उघडायचाच नाही. खेप संपली की टूल बाहेर ओढायचं, मोटर उलटी फिरवायची, सुरुवातीच्या थोडं मागे जायचं आणि पुन्हा पुढे.

"आता पहिला स्क्रू सांग."

लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली नावाचा कारागीर होता. जन्म 1771चा. बाराव्या वर्षी तो वुलिचच्या शस्त्रागारात काडतुसं भरायच्या कामाला लागला. पुढे त्यानं अचूक आटे पाडणारा लेथ बांधला. साधारण 1800 सालचा त्याचा एक लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. पण त्या लेथला स्क्रू कुठून आणायचा? त्यानं मऊ दांडा घेतला आणि त्यावर एक पातं तिरकं दाबून धरलं. दांडा फिरला की तिरकं पातं आपोआप पुढे सरकत, खाच पाडत जायचं. पातं जितकं तिरकं, तितकी पिच मोठी.

"कागदाचा त्रिकोण!" ती ओरडली.

तोच. त्या काळी प्रत्येक बोल्टचा नट वेगळा असे. उघडताना खुणा करून ठेवाव्या लागत, नाहीतर लग्नातल्या चपलांसारखी गत. मॉडस्लीला या गोंधळाचा मनस्वी राग होता. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं ठिकठिकाणच्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले आणि 1841मध्ये सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं.

आमचा स्क्रू मशीनच्या अंगात दोन बोटांनी सुरसुरत गेला. मशीन बाकाला घट्ट बसलं. आजीचं पीठ कधीचं मळून तयार होतं. तिनं गोळा आत ढकलायच्या आधी भाचीनं मशीनच्या तोंडात टॉर्च मारला.

"मामा, पीठ ढकलायलाही आत स्क्रूच आहे! केवढी मोठी पिच!"

आणि ती पट्टी आणायला पळाली.