तीस फुटांची गाडी, सत्तावीस फुटांची जागा: कळमनुरीतून केलेलं अमेरिकेतलं बुकिंग

(या भागाचा लेखी मजकूर. बोललेलं थोडं नीट करून लिहिलंय, पण सूर तोच ठेवलाय.)

कळमनुरीतून बोलतोय. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तत्काळ तिकिटासाठी सकाळी अकराला मोबाईल हातात धरून श्वास रोखला असेल. आजचा विषय तसाच आहे, फक्त तिकीट रेल्वेचं नाही. अमेरिकेत राहायच्या गाडीसाठी, म्हणजे आरव्ही किंवा कॅरॅव्हॅनसाठी, सरकारी उद्यानात रात्रीची जागा मिळवायची होती. आणि ती मिळवायची जबाबदारी होती माझ्यावर, इथं बसून.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? शेवटपर्यंत ऐका. आपल्या इसापूर धरणापर्यंत आणि पंढरीच्या वाळवंटापर्यंत येणार आहे मी.

गोष्ट सुरू कशी झाली

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. त्याचे आई-वडील, म्हणजे माझे मोठे काका आणि काकू, यंदा पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार होते. काकांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. जमिनीवर बसणं-उठणं बंद. पण त्यांची एक इच्छा होती, नातवंडांसोबत डोंगरात दोन रात्री काढायच्या. हॉटेलात नाही, उघड्यावर.

तंबू शक्य नव्हता. म्हणून दादानं ठरवलं, आरव्ही भाड्यानं घ्यायची. पलंग, संडास, शेगडी सगळं गाडीतच. दादा, वहिनी, दोन मुलं, काका आणि काकू, अशी सहा माणसं. त्यानं तीस फुटांची गाडी पसंत केली. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपली लालपरी याहून थोडीच लांब असते.

जायचं होतं योसेमिटीला. तिथल्या दरीत अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स असे कॅम्प आहेत. एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसं, लहान मुलं धरून. रात्रीचं भाडं ३६ डॉलर, आपले साधारण तीन हजार रुपये. स्वस्त आहे ना? म्हणूनच झुंबड असते.

खिडकी कधी उघडते

तिथली राष्ट्रीय उद्यानं, केंद्र सरकारची जंगलं, धरणांकाठचे कॅम्प अशा बहुतेक ठिकाणांचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या एकाच ठिकाणी होतं. कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यानांसाठी रिझर्व्ह कॅलिफोर्निया ही वेगळी व्यवस्था आहे. म्हणजे आपल्याकडे ताडोब्याचं वेगळं आणि एमटीडीसीचं वेगळं असतं, तसंच.

प्रत्येक ठिकाणाचा नियम निराळा. अनेक कॅम्प मुक्कामाच्या सहा महिने आधी रोज एक-एक दिवस उघडत जातात. योसेमिटीच्या दरीत मात्र महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता अख्ख्या एका महिन्याच्या जागा एकदम उघडतात. १५ जुलै ते १४ ऑगस्टच्या जागा १५ मार्चला. आणि उन्हाळ्याच्या जागा काही मिनिटांत संपतात. दादाची सकाळी सातला ड्यूटी सुरू होते, मोबाईल हातात घेता येत नाही. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ. म्हणून तो म्हणाला, "तूच बघ."

मी फेब्रुवारीच्या १५ तारखेला रंगीत तालीम केली. त्यांचे सकाळचे ७ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. बरोबर साडेआठला पान उघडलं, जागा कशा पटापट जातात ते पाहिलं, कुठलं बटण कुठं आहे ते लक्षात ठेवलं. मार्चसाठी तोच अलार्म लावून ठेवला. एकदम तयारीत.

१५ मार्चला साडेआठला पान उघडलं. एकही जागा नाही. एक पण नाही.

काय झालं होतं? अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. त्यामुळे १५ मार्चला त्यांचे सकाळचे ७ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मी एक तास उशिरा आलो होतो. त्या तासात मी काय करत होतो माहितीय? बसस्टँडजवळ चहा पीत होतो, मित्राला सांगत होतो की आज आपलं मोठं काम आहे.

दादाला फोन केला तेव्हा तो रागावला नाही. "बघू रे काहीतरी," एवढंच म्हणाला. त्यानं जास्त वाईट वाटलं. काकांची परतीची तिकिटं ऑगस्टची होती. पुढच्या महिन्याची खिडकी आमच्या कामाची नव्हती.

तर पहिला धडा. अलार्म आपल्या वेळेनं लावू नका. मोबाईलच्या घड्याळात लॉस एंजेलिस शहर टाका आणि त्याच्याकडे बघून वेळ ठरवा. वर्षातून दोनदा हा तास सरकतो.

मोठ्या गाडीलाच जागा का मिळत नाही

मग मी जरा खोलात गेलो. अप्पर पाइन्समध्ये दोनशेहून जास्त जागा आहेत. मग अडचण काय?

अडचण आहे वय. अमेरिकेतले बरेच सरकारी कॅम्प १९३० च्या दशकात आखले गेले. त्याआधी लोक मोटार घेऊन थेट झाडाखाली जायचे. चाकांखाली माती दाबली जायची आणि मुळांना हवा-पाणी मिळेना झालं. एमिलियो माइनेके नावाचे वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक होते. मोठमोठी झाडं का मरतात हे शोधताना त्यांना हे कळलं. त्यांनी उपाय सुचवला. एका दिशेनं फिरणारा गोल रस्ता ठेवायचा, त्याला फाटे काढायचे, प्रत्येक फाट्यावर एकच मोटार, आणि ती पुढे जाऊ नये म्हणून दगड किंवा ओंडके लावायचे. आजही बहुतेक कॅम्प असेच दिसतात.

पण ते फाटे त्या काळच्या मोटारीच्या मापाचे. आज तिथं तीस, पस्तीस, चाळीस फुटांच्या गाड्या येतात. फाटा लांब करायचा तर झाड तोडावं लागतं, नाहीतर मुळांवर रस्ता घालावा लागतो. म्हणजे ज्या झाडांसाठी उद्यान केलं, तीच घालवायची. म्हणून मोठ्या जागा वाढत नाहीत. त्यात १९९७ च्या जानेवारीत योसेमिटीत मर्सेड नदीला मोठा पूर आला आणि नदीकाठचे दोन कॅम्प कायमचे बंद झाले. शेकडो जागा एका झटक्यात गेल्या.

आणखी एक. बऱ्याच कॅम्पमध्ये मोठ्या जागेवर छोटा तंबूवालाही बुकिंग करू शकतो. त्याला कुठलीही जागा चालते. मोठ्या गाडीला मोठीच लागते. म्हणजे बाकी सगळे सगळ्या जागांसाठी खेळतात आणि मोठी गाडीवाला मोजक्याच जागांसाठी.

माप कसं वाचायचं

इथं बहुतेक जण फसतात. योसेमिटीत अप्पर पाइन्सला आरव्हीची कमाल लांबी ३५ फूट आहे, लोअर आणि नॉर्थ पाइन्सला ४० फूट. हे वाचून वाटतं, आपली तीस फुटांची आहे, बसेल की. नाही! ती कॅम्पची कमाल मर्यादा झाली. प्रत्येक जागेचं स्वतःचं माप वेगळं असतं. त्या जागेवर टिचकी मारली की खाली तपशिलात लिहिलेलं असतं. ते वाचायचं.

लांबी बंपरपासून बंपरपर्यंत धरायची. मागं सायकलचा स्टँड लावला तर तोही धरा. जागा सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडायची आहे की रिव्हर्स घ्यायची, हेही बघा. तीस फुटांची गाडी रात्री झाडांमध्ये रिव्हर्स घेणं म्हणजे उसाची ट्रॉली अरुंद गल्लीत मागं घेण्यासारखं आहे. ज्यांनी घेतलीय त्यांना कळेल.

रस्त्यालाही माप असतं. माँटाना राज्यातल्या ग्लेशियर उद्यानात डोंगरातून जाणाऱ्या प्रसिद्ध रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. जागा मिळाली आणि रस्ताच नाही, असंही होऊ शकतं.

सोयींचं पण बघून घ्या. योसेमिटीच्या कॅम्पमध्ये गाडीला वीज जोडायची सोय नाही. जनरेटर चालतो, पण ठरलेल्या वेळीच: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. रात्रभर एसी विसरा. कुणाला झोपताना विजेवरचं यंत्र लागत असेल तर आधीच विचार करा.

मग आम्हाला जागा मिळाली कशी

रद्द झालेल्या जागांतून. याचं गणित समजून घ्या. तिथं बुकिंग रद्द केलं की १० डॉलर कापतात. पण आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. म्हणून ज्यांचं जमणार नाही ते दोन-तीन दिवस आधी सोडून देतात. तेव्हा जागा परत दिसायला लागतात. जागा सुटली की कळवणारी सूचनाही लावता येते. पण ती सूचना शेकडो जणांना जाते, म्हणून मी स्वतःही बघत राहिलो. शेतातून आल्यावर, जेवताना, झोपायच्या आधी.

एक जागा कार्टमध्ये घेतली की पैसे भरायला १५ मिनिटं मिळतात. तेवढ्यात कार्ड, गाडीचा प्रकार, लांबी सगळं भरायचं. मी हे आधीच एका नोटमध्ये लिहून ठेवलं होतं. आणि बुकिंग दादाच्याच खात्यातून केलं. कारण तिथं पोचल्यावर ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याला ओळखपत्र दाखवावं लागतं. माझ्या नावावर घेतलं असतं तर ते सगळे फाटकात आणि मी कळमनुरीत!

एके रात्री दोन रात्रींसाठी जागा दिसली. माप वाचलं. २७ फूट. आमची गाडी ३०.

हातात पंधरा मिनिटं. दादाला फोन लावला, उचलला त्यानं. मी विचारलं, "गाडी बदलता येईल का?" तो म्हणाला, "पंचवीस फुटांची मिळते, पण मुलांना टेबल मोडून झोपावं लागेल." मी म्हटलं, "मग झोपू दे." पैसे भरले.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा धडा हाच. आम्ही गाडी आधी ठरवली आणि जागा नंतर शोधली. उलटं करायला पाहिजे होतं. आधी जागा, मग गाडी. लांबी पाच फुटांनी कमी केली की कितीतरी जास्त जागा उघडतात.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्यांना पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेले तळ उभे राहावेत, ही त्यातली कल्पना. त्याच वर्षी केरळनंही असंच धोरण जाहीर केलं. पण इसापूरला जाऊन बघा. पैनगंगेचं एवढं पाणी, एवढे पक्षी. तिथं गाडी लावून रात्रभर वीज-पाणी मिळेल, मोबाईलवरून बुक होईल, अशी जागा मी तरी पाहिलेली नाही. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला लांबून गाड्या येतात, रात्र काढतात ढाब्यावर नाहीतर पंपावर. आपल्याकडे गाड्यांच्या आधी तळ लागणार आहेत. तळ आखताना माप नीट ठेवलं, तर अमेरिकेची नव्वद वर्षांपूर्वीची अडचण आपल्याला येणार नाही.

आणि तळ आखायची कला आपल्याला नवी नाही बरं का. पंढरपूरला ६५ एकरात दिंड्यांना प्लॉट वाटून देतात. पाणी, संडास, दिवे, आणि दिंडीचा सामानाचा ट्रक लावायला जागा. आपली सगळ्यात जुनी राहायची गाडी म्हणजे तो ट्रकच.

काकांनी परत आल्यावर हेच सांगितलं. ते बरीच वर्षं वारीला गेलेत. मी विचारलं, योसेमिटीत काय आवडलं? मला वाटलं धबधबा म्हणतील. ते म्हणाले, "रात्री शेजारच्या गाडीतला म्हातारा खुर्ची घेऊन आला. त्याचेपण गुडघे बदललेले. भाषा कळंना, पण बसलो तासभर." मग थोडं थांबून म्हणाले, "जागा लहान होती ते बरंच झालं. मोठी असती तर तो लांब राहिला असता."

तर मंडळी, तुमचं कुणी तिकडं असेल आणि असं काही ठरवत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि इसापूरला तळ झाला तर त्यात काय काय हवं, ते मला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून सांगा. पुढच्या भागात वाचून नाही, ऐकवूनच दाखवीन. भेटू या.