नसबंदीनंतर पुन्हा मूल हवे असेल तर

नसबंदी झालेल्या माणसाला पुन्हा मूल हवे असते, तेव्हा त्यामागे बहुधा दुःख असते. मूल दगावलेले असते, किंवा पत्नी गेल्यावर दुसरा संसार मांडलेला असतो. चिंचपोकळीत आमच्याकडे असे प्रश्न हळू आवाजात येतात, आणि पुष्कळदा पुरुषाऐवजी त्याची बहीण किंवा भावजय विचारते. म्हणून हे एकदा उघडपणे लिहीत आहोत.

नसबंदीने पुरुषत्व जात नाही. त्यात शुक्राणू बाहेर नेणाऱ्या दोन शुक्रवाहिन्या फक्त बंद केलेल्या असतात. वृषणात शुक्राणू तयार होतच राहतात आणि शरीरातच विरून जातात. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात मिसळते, त्याला या नळीची गरज नसते. तरीही भीती टिकून आहे, आणि ती उगाच नाही. १९७६-७७ मध्ये देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या आणि अनेक जबरदस्तीने. खरे तर संततिनियमन आपल्याला परके नाही. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ सालीच मुंबई विधिमंडळात त्याचा ठराव आणला होता. पण तो स्वेच्छेचा विचार होता.

बंद केलेली नळी पुड्यांनी किंवा तेलाने जुळत नाही. 'ताकद परत आणतो' अशा जाहिराती करणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. ती जुळते शस्त्रक्रियेने. नळीचे आतले छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात. दोन ते चार तास लागतात. टोक उघडल्यावर आतला द्रव तिथल्या तिथे तपासला जातो. त्यात शुक्राणू दिसले तर टोकाला टोक जोडतात. द्रव घट्ट असेल आणि शुक्राणू नसतील, तर अडथळा मागे अधिवृषणात असतो आणि वाहिनी थेट तिथे जोडावी लागते. हे काम अधिक अवघड. तेव्हा सर्जनना आधीच विचारा, दोन्ही प्रकारची जोडणी तुम्ही करता का?

आता मुख्य गोष्ट. वाट मोकळी होणे आणि मूल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील सुमारे दीड हजार पुरुषांचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. नसबंदीला तीन वर्षे झाली नव्हती अशांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परतले, पण गर्भ राहिला ७६ टक्के जोडप्यांत. पंधरा वर्षे उलटून गेलेल्यांत हे आकडे ७१ आणि ३० होते. काहींच्या शरीरात शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. त्याहून मोठा प्रश्न पत्नीच्या वयाचा. ती पस्तिशीपुढे असेल तर तिची तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी करा, नंतर नाही. शस्त्रक्रिया झाली, मूल होत नाही, आणि घरात दोष सुनेवर येतो, हे आम्ही पाहिले आहे.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून पहिल्या तपासणीत काही दिसले नाही तर खचू नका. अधिवृषणाला जोडणी केली असेल तर कधी कधी वर्षही लागते. डॉक्टर सांगतील तसे दर दोन-तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्या. बाजारात ओझी उचलणाऱ्यांनी तीन-चार आठवडे काम थांबवावे, घट्ट लंगोट वापरावा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळावा.

जोडणी जमली नाही तर वृषणातून शुक्राणू काढून प्रयोगशाळेत गर्भधारणा करता येते. तो मार्ग खर्चिक आहे, आणि सुया मात्र पत्नीला टोचून घ्याव्या लागतात.

चौकशी खासगी दवाखान्यात करण्याआधी दोन स्थानके पुढे परळला, केईएमच्या मूत्ररोग विभागात करा. नसबंदीचा जुना कागद सापडला तर सोबत न्या. किती वर्षे झाली, हाच तिथला पहिला प्रश्न असेल. पत्नीलाही बरोबर घेऊन जा.