अधिवृक्क ग्रंथी मंदावतात तेव्हा

वैद्यकीय अहवालातील एखाद्या लांबलचक शब्दाने रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय भांबावून जातात. ‘हायपोॲड्रिनॅलिझम’ हा असाच एक शब्द. त्याची फोड केली की अर्थ आपोआप उलगडतो. ग्रीक भाषेत ‘हायपो’ म्हणजे कमी. लॅटिनमध्ये ‘ॲड’ म्हणजे जवळ आणि ‘रेन’ म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंडाजवळील ग्रंथींचे कार्य मंदावणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत या ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, त्याच्या वर असणारी ती अधिवृक्क.

लहान ग्रंथी, मोठी जबाबदारी

प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची असते. तिच्या बाह्य भागात कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार होतात. कॉर्टिसॉल रक्तातील साखर व रक्तदाब सावरून धरते, तर अल्डोस्टेरॉन शरीरातील मीठ-पाण्याचा समतोल राखते. ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी निरोगी शरीर कॉर्टिसॉलचे उत्पादन वाढवते. बँकेच्या परिभाषेत बोलायचे तर हा शरीराचा राखीव निधी होय. तो आटला तरी दैनंदिन व्यवहार काही काळ रेटले जातात. संकट आले की मात्र शरीर कोसळते.

कारणे कोणती?

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. म्हणूनच खुद्द या ग्रंथीच निकामी झाल्यास त्याला ‘ॲडिसनचा आजार’ म्हणतात. त्या काळी त्याचे प्रमुख कारण क्षयरोग हे होते. आज पाश्चात्त्य देशांत शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथींवर उलटल्याने तो बहुधा होतो. भारतात मात्र क्षयरोग हे कारण अजूनही विसरून चालत नाही.

कधी ग्रंथी धडधाकट असतात, पण त्यांना आज्ञा देणारी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दुर्बल होते. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीमध्ये असे घडू शकते. बाळंतपणानंतर दूध न येणे, मासिक पाळी पुन्हा सुरू न होणे ही त्याची खूण असते.

तिसरे कारण सर्वांत अधिक आढळणारे आणि टाळता येण्याजोगे आहे. दमा, संधिवात, त्वचाविकार यांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यास शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते. अशा वेळी बरे वाटले म्हणून गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर ग्रंथी तत्काळ जाग्या होत नाहीत. नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असेल, तर रुग्णाला या धोक्याची कल्पनाही नसते.

लक्षणे ओळखताना

सततचा थकवा, भूक मंदावणे, वजन घटणे, मळमळ, उठून उभे राहताना चक्कर येणे, खारट खाण्याची तीव्र इच्छा ही लक्षणे हळूहळू दिसू लागतात. ॲडिसनच्या आजारात तळहाताच्या रेषा, हिरड्या आणि जखमांचे व्रण काळसर पडतात. सावळ्या कांतीवर हा बदल उन्हाचा परिणाम समजून दुर्लक्षिला जातो.

मात्र प्रत्येक थकव्याचे मूळ येथे नसते. ‘ॲड्रिनल फटीग’ या नावाने होणाऱ्या प्रचाराला वैद्यकशास्त्राची मान्यता नाही. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातील कॉर्टिसॉलचे प्रमाण आणि आवश्यक तेथे ग्रंथीला उत्तेजना देऊन केलेली चाचणी यांवरूनच निदान होते.

उपचार आणि दक्षता

अधिवृक्क संप्रेरकांवरील संशोधनासाठी एडवर्ड केंडॉल, टाडेउश राइखश्टाइन आणि फिलिप हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात जे बनत नाही ते गोळीच्या रूपाने देणे आता शक्य आहे. १९४७ मध्ये या आजाराचे निदान झालेले जॉन एफ. केनेडी १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. नियमित उपचार घेणारा रुग्ण नोकरी, संसार, प्रवास सारे काही करू शकतो.

त्यासाठी काही पथ्ये अटळ आहेत. गोळी एकही दिवस चुकवू नये. तापात मात्रा किती वाढवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. बहुधा ती दुप्पट वा तिप्पट करावी लागते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शनसाठी विनाविलंब रुग्णालय गाठावे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध कॉर्टिसॉलचा निचरा जलद करते, म्हणून ते सुरू होताना डॉक्टरांना आपल्या आजाराची आठवण द्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी दात काढण्यापूर्वीसुद्धा, ही माहिती सांगावी.

आजाराचे व औषधाचे नाव लिहिलेले छोटे कार्ड खिशात वा पर्समध्ये असावे. बेशुद्ध रुग्णाला बोलता येत नाही. अशा वेळी ते कार्डच त्याच्या वतीने बोलते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनीही असे कार्ड जवळ ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध न थांबवणे हिताचे. आजाराचे नाव अवघड असले तरी हे नियम सोपे आहेत, आणि रुग्णाइतकेच ते घरातील इतरांनाही ठाऊक असले पाहिजेत.