रसायनशास्त्राची गोडी : प्रयोगातून ज्ञानाकडे

हळदीचा डाग पडलेले वस्त्र साबणाने धुताना डाग लाल होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी असल्यामुळे असे घडते. मात्र आम्ल व आम्लारी यांच्या व्याख्या तोंडपाठ असलेला विद्यार्थीही याचे कारण विचारताच बहुधा गोंधळतो. पुस्तकातील ज्ञान आणि नित्याचा अनुभव यांची सांगड न बसणे, हे या विषयाच्या नावडीचे एक प्रमुख कारण होय.

ही सांगड घालण्यास सुसज्ज प्रयोगशाळाच हवी असे नाही. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदी पट्ट्या दर्शकाचे काम करतात. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क लिंबाच्या रसात गडद गुलाबी, तर धुण्याच्या सोड्यात हिरवट होतो. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यास निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू चुन्याच्या निवळीत सोडला असता ती दुधाळ होते.

मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ पूर्व माध्यमिक शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. २००२ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात मुले गटागटाने प्रयोग करून स्वतः निष्कर्ष काढीत असत.

माध्यमिक वर्गांतही आधी प्रयोग, मग निरीक्षणाची नोंद व चर्चा आणि शेवटी व्याख्या व समीकरण, असा क्रम शिक्षकांनी अवश्य योजावा. चुना व तीव्र आम्ले मात्र त्यांच्या देखरेखीखालीच हाताळली जावीत. स्वतः पाहिलेल्या अभिक्रियेचे समीकरण विद्यार्थ्यास घोकावे लागणार नाही; त्याचा अर्थ त्यास आधीच उमगलेला असेल.